दोन कागद आणि वीस हजार क्विंटल

वहीचे दोन कागद एकावर एक ठेवून चिमटीत धरा. जाडी किती झाली? जेमतेम ०.२ मिलिमीटर. मधे काही आहे हे चिमटीला कळतही नाही. आता ते तसेच धरून ठेवा, खाली टाकू नका. थोड्या वेळात आपण या दोन कागदांचं मोल मालगाडीच्या डब्यांत मोजणार आहोत.

निमित्त भाच्याचं. हदगावच्या शिवारात सोयाबीनची रास चाललेली, मळणीयंत्र दुपारचं घटकाभर थांबलेलं, आणि हा पठ्ठ्या पोत्यांच्या थप्पीला टेकून मोबाइलवर गोल्फ बघत बसलेला. पडद्यावर एक माणूस गालिच्यासारख्या गवतावर वाकून उभा होता. समोर चार पावलांवर भोक, हातात काठी, पायाशी पांढरा चेंडू. आणि भोवतीची सगळी माणसं श्वास रोखून.

"मामा, एवढंसं तर ढकलायचंय," भाचा म्हणाला. "आमचं गोट्यांचं गल याच्याहून बारीक असतंय की!"

बरोबर आहे त्याचं. गोल्फच्या भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. पाणी प्यायच्या तांब्याच्या तोंडाएवढा. स्कॉटलंडमधल्या मसलबर्गला १८२९ साली भोकं पाडायचं यंत्र आलं. त्याच वर्षी इकडे कलकत्त्यात गोल्फ क्लब निघाला. १८९१ मध्ये सव्वाचार इंचाचं माप जगासाठी कायम झालं आणि तेव्हापासून ते केसभरही हललेलं नाही. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, वजन फार तर ४५.९३ ग्रॅम. तांब्याच्या तोंडात असे अडीच चेंडू शेजारी-शेजारी मावतात. मग अडचण काय?

चला, मोजू. पण आधी हे सगळं आपल्या मापात आणू. त्या भोकाची विहीर करा. वीस फूट व्यासाची, आपल्याकडे रानोमाळ असते तशी. म्हणजे सगळं साधारण ५६ पटींनी फुगवलं. खोली आपोआप १९ फुटांच्या आसपास जाते. चेंडू होतो आठ फूट उंचीचा धोंडा. त्याचं वजन? ८,२०० किलो. ८२ क्विंटल! आणि चार पावलांचं, म्हणजे दहा फुटांचं, अंतर होतं १७२ मीटर. आता सांगा, पावणेदोनशे मीटरवरून ८२ क्विंटलचा धोंडा असा ढकलायचा की तो गडगडत येऊन नेमका विहिरीत पडला पाहिजे. वर वेगाचंही पथ्य. भोकाच्या तोंडाशी चेंडू ताशी सहा किलोमीटरपेक्षा जोरात आला, तर मधोमध आला तरी तो वरून उडी मारून पलीकडे जातो. ताशी सहा किलोमीटर म्हणजे घाईतल्या वारकऱ्याची चाल. त्याहून जरा लगबग केली की गेली विहीर मागे.

हे झालं अंतराचं. आता दिशा घ्या, कारण खरी गंमत तिथे आहे.

चेंडू ढकलायच्या काठीला पटर म्हणतात, ढकलण्याला पटिंग आणि अशा एकेका ढकलण्याला पट. चेंडू कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: टेकण्याच्या क्षणी पटरचं तोंड कुणीकडे आहे. हात कसा फिरला, काठी तिरकी आली की सरळ, याचा वाटा फार थोडा. जाणकार तसं सांगतात, आपण मानून घेऊ. आता समजा तोंड एक अंशाने चुकलं. एक अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदात सरकतो तेवढं. दहा फुटांवर या एका अंशाने चेंडू ५.३ सेंटिमीटर बाजूला जातो. भोकाची त्रिज्या ५.४. म्हणजे चेंडूचा मध्य अगदी काठावर! आत पडेल, न पडेल, देव जाणे. वीस फुटांवरून मुभा अर्ध्या अंशाची. तीस फुटांवरून अंशाचा तिसरा हिस्सा.

मुंबई-पुणे रस्त्याचे दीडशे किलोमीटर ताणून त्यांची सरळ रेघ करा. त्याच एका अंशाने ती रेघ पुण्यात पोचेपर्यंत २.६ किलोमीटर बाजूला गेलेली असेल. पुणे स्टेशनावर उतरायचं होतं, उतरलात शिवाजीनगरच्या अंतरावर. आपल्या रस्त्याने सांगायचं तर हदगाव-नांदेड साठ-पासष्ट किलोमीटरचं. तिथे एक अंश चुकला तर किलोमीटरभर लांब.

आता कागद बाहेर काढा.

पटरची मूठ साधारण अडीच-पावणेतीन सेंटिमीटर जाडीची असते. ती मूठ हातात एक अंश फिरली, तर मुठीचा पृष्ठभाग तुमच्या तळव्याखाली किती सरकतो? ०.२३ मिलिमीटर. दोन कागद! बस्स. अंगठ्याने जरा जास्त दाबलं, उजव्या हाताची तर्जनी किंचित वळली, करंगळी सैल पडली. दोन कागदांएवढी हालचाल आणि दहा फुटांवरचा चेंडू काठावर. चिमटीला जे कळलं नाही, ते दहा फुटांवर दोनशे तीस पटींनी मोठं होऊन समोर उभं राहतं.

म्हणून तर काठी धरायची कशी यावर गोल्फवाल्यांनी सव्वाशे वर्षं डोकं खाजवलं आहे. दोन हातांत मिळून हाडं किती? प्रत्येकी २७, एकूण ५४. अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त हाडं त्या एका मुठीभोवती गोळा झालेली! आणि सगळी कसरत कशासाठी? त्यांनी काहीच करू नये यासाठी. दोन्ही तळवे समोरासमोर, नमस्कार करताना असतात तसे. दोन्ही अंगठे मुठीच्या सपाट बाजूवरून सरळ खाली. दाब हलका. हलका म्हणजे ओल्या पिसांचं कोंबडीचं पिल्लू हातात घ्यावं इतका: सुटूही नये, चिरडूही नये. मनगटं गप्प. हलायचं ते खांद्यांनी, देवळातल्या घंटेच्या लोळीसारखं. मागे जायला जितका वेळ, त्याच्या निम्म्यात पुढे. वाचायला सोपं आहे. ५४ हाडांना गप्प बसवून बघा.

आणि ती बसत नाहीत! मोठमोठ्यांची बसत नाहीत. ऐनवेळी हाताला उचकी लागते. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर १९८५ आणि १९९३ असा दोनदा मास्टर्स स्पर्धा जिंकलेला, पण या उचकीने त्याला इतकं छळलं की एका काळात तो डावा हात काठीवर खाली नेऊन उजव्या पंजाने काठीसकट आपलाच डावा दंडाखालचा हात आवळून धरायचा. कुणी हातांची अदलाबदल केली, डावा खाली, उजवा वर. कुणी खालच्या हाताचा पंजा वाघनखासारखा केला. कुणी काठीच लांब केली आणि तिचं टोक पोटाला टेकवलं. त्या पोटटेकू काठीने कीगन ब्रॅडलीने २०११ ची पीजीए चॅम्पियनशिप मारली, आणि १ जानेवारी २०१६ पासून काठी अंगाला टेकवायलाच बंदी आली. सगळ्यात साधा उपाय मात्र मला आवडतो: मूठच जाड करा. चार सेंटिमीटर जाडीची मूठ एक अंश फिरवायला तळवा साडेतीन कागद सरकावा लागतो. दोनाचे साडेतीन झाले. दीड कागदाची सवलत! लोक तेवढ्यासाठी पैसे मोजतात, आणि मोजावेतच.

बरं, हा सगळा खटाटोप किती वेळासाठी? चेंडू आणि पटर एकमेकांना टेकलेले असतात ते सुमारे अर्धी मिलिसेकंद. सेकंदाचा दोन-हजारावा भाग. पापणी एकदा लवते तेवढ्यात असे सहाशे क्षण बसतात. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी रेल्वे तेवढ्यात दीड सेंटिमीटरही सरकत नाही. कसलेला व्यावसायिक १८ भोकांच्या एका फेरीत २९ च्या आसपास पट मारतो. चार फेऱ्यांची स्पर्धा धरली तर ११६. सगळ्यांची बेरीज ०.०५८ सेकंद! अख्खी स्पर्धा एका पापणीत मावली. आणखी पुढे जाऊ. समजा, एक जण तीस वर्षं खेळला, वर्षाला शंभर फेऱ्या. झाले ८७,००० पट. उभ्या जन्मात त्याचा पटर चेंडूला टेकला तो एकूण ४३ सेकंद. कुकरची एक शिट्टी होईपर्यंत कारकीर्द खलास.

आणि त्या अर्ध्या मिलिसेकंदात होतं काय? बेताच्या वेगाच्या सपाट हिरवळीवर दहा फूट जाण्यासाठी चेंडूला सेकंदाला १.८३ मीटरचा वेग लागतो. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या माणसाने १९३५ साली हिरवळीचा वेग मोजायची कलती पट्टी शोधली, तिच्यावरून घरंगळलेला चेंडू हाच वेग घेऊन निघतो. शून्यापासून १.८३, तेही अर्ध्या मिलिसेकंदात. भागाकार करा. चेंडूवर सरासरी जोर येतो १७ किलोंचा. घरच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो, त्याहून जास्त! 'एवढंसं ढकलायचंय' म्हणे. हाच रेटा नुसता एक सेकंद टिकला असता तर चेंडूचा वेग ताशी तेरा हजार किलोमीटरवर गेला असता. त्या वेगाने हदगावहून नांदेड अठरा सेकंदांत. मुंबई-पुणे एक्केचाळीस सेकंदांत, खंडाळ्याच्या चहाचा विचारही मनात यायच्या आत.

आता पैशाकडे वळू, कारण त्याशिवाय आपल्याला आकडा पचत नाही.

अनिर्बान लाहिरी, जन्म पुण्याचा, १९८७ चा. मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या 'प्लेयर्स चॅम्पियनशिप'मध्ये तो दुसरा आला. पहिल्या आलेल्या कॅमेरॉन स्मिथपेक्षा चार फेऱ्यांत फक्त एक फटका जास्त. स्मिथला ३६ लाख डॉलर, लाहिरीला २१ लाख ८० हजार. फरक १४ लाख २० हजार डॉलरचा, त्या वेळच्या भावाने पावणेअकरा कोटी रुपये. एका फटक्याचे! आणि गोल्फमध्ये पावणेतीनशे मीटर लांब हाणलेला चेंडू एक फटका, फूटभर ढकललेलाही एकच फटका. नऊशे पट अंतर, किंमत सारखी. चार फेऱ्यांत दहा फुटांवरचा एखादा पट जास्त पडला असता, की ते पावणेअकरा कोटी पणाला.

ते आमच्या खळ्यावर आणू. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. (तो हातात पडतो का, हा विषय आज नको, नाहीतर हा लेख इथेच थांबेल.) पावणेअकरा कोटींचं सोयाबीन होतं वीस हजार क्विंटल. एकरी आठ क्विंटलचा चांगला उतारा धरला तरी अडीच हजार एकर. दहा टनी ट्रक दोनशे. साठ टनी मालडब्यांत भरलं तर तेहतीस डबे भरून चौतिसावा लावावा लागतो. इंजिन जोडा आणि फाटकावर उभे राहून डबे मोजा: एक, दोन, तीन, दहा, वीस, तेहतीस... शेवटचा डबा धडधडत जाईपर्यंत हातातले ते दोन कागद बघत राहा.

पैसा नसलेल्या ठिकाणी तर हिशेब आणखी चक्रावतो. ऑक्टोबर २०१५, दक्षिण कोरियातलं इंचॉन, प्रेसिडेंट्स कप. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला युरोप सोडून उरलेलं जग. शेवटच्या भोकावर लाहिरीसमोर चार फुटांचा पट. जगातले अव्वल खेळाडू चार फुटांवरून शंभरात ८८ वेळा चेंडू आत घालतात. अडीच अंशांची ऐसपैस मुभा, पाच-सहा कागद! चेंडू काठाला लागून फिरला आणि बाहेर आला. अमेरिका साडेपंधरा, जग साडेचौदा. तो पडला असता तर त्या लढतीचा अर्धा-अर्धा गुण वाटून हिशेब होता पंधरा-पंधरा. पुढे २०२१, टोकियो ऑलिंपिक. पुण्याचा उदयन माने तिथे पुरुषांत खेळला, आणि महिलांत बेंगळुरूच्या अदिती अशोकने चार दिवस पटरच्या जोरावर भल्याभल्यांना घाम फोडला. त्याच उन्हाळ्यातल्या कोविडने अंगातली ताकद गेलेली, लांब फटके तोकडे पडणारे, भिस्त सगळी पटरवर. चार फेऱ्या, ७२ भोकं, आणि कांस्यपदक हुकलं एका फटक्याने. १४० कोटींचा देश, एक फटका.

भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. उठला, घरातून जुना तांब्या आणला आणि खळ्याच्या कडेला जमिनीत गळ्यापर्यंत पुरला. वेळूची काठी घेतली, टोकाला फळीचा तुकडा ठोकला. दहा फुटांवरून वीसदा ढकललं, दोनदा पडलं. अव्वल खेळाडू दहा फुटांवरून शंभरात चाळीस वेळा घालतात, म्हणजे विसात आठ. खळ्याची शेणाने सारवलेली जमीन आहे हे धरलं तर माझ्या मते पोराने बरं केलं.

कोजागरी होती त्या दिवशी. दूध आटेपर्यंत चंद्र वर आला. मी त्याला पावलं मोजून मागे नेलं, वीस फूट, तीस, चाळीस. तिथे थांबवलं, आणि आधी तांब्याकडे, मग वर बघायला सांगितलं. चाळीस फुटांवरून त्या तांब्याच्या तोंडाची रुंदी अर्ध्या अंशात मावते, आणि पौर्णिमेच्या चंद्राचीही तेवढीच. जवळजवळ तंतोतंत! ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरचं साडेतीन हजार किलोमीटर रुंदीचं भोक आणि चाळीस फुटांवरचा तांब्या, नजरेला एकाच मापाचे. इथून चंद्राच्या मधोमध नेम धरला आणि हात दोन कागद हलला, तर चेंडू चंद्राच्या मध्यापासून ६,७०० किलोमीटर लांबून जाईल. मधे आणखी एक चंद्र सहज मावावा इतक्या लांबून.

"तिथं कुणी खेळलंय का?" त्याने विचारलं.

खेळलंय. फेब्रुवारी १९७१, अपोलो १४, ॲलन शेपर्ड. अंतराळपोशाख इतका ताठर की दोन्ही हातांनी काठी धरताच येईना. त्याने एका हाताने मारलं. दोन चेंडू अजून तिथेच पडून आहेत, एक २४ यार्डांवर, दुसरा ४० यार्डांवर. तिथे फिरायला जागा पृथ्वीवरच्या आफ्रिका खंडाहून जास्त, आणि दुसरा चेंडू गेला तो आमच्या खळ्यापासून विहिरीपर्यंत.

भाच्याने काठी एका हातात घेतली, दुसरा पाठीमागे धरला, आणि चाळीस फुटांवरून तांब्याकडे तोंड करून उभा राहिला.