बांधावरचा केबलजोड
राहुरी-नेवाशाच्या मुलखात, जेथे ऊस विहिरी-बोअरच्या पाण्यावर पोसला जातो, तेथे सबमर्सिबल मोटरच्या जाड केबलचा जोड बहुधा वीज नसतानाच, बांधावर बसून करावा लागतो. अर्थात प्रथम स्टार्टरचे फ्यूज काढून, कारण गेलेली वीज न सांगता येते. तारा एकत्र दाबून झाल्यावर, आधीच ओवून ठेवलेली हीट-श्रिंक नळी गॅसच्या ज्योतीने तापविली असता ती सुमारे १२० अंशांवर आवळते आणि आतील चिकट लेप वितळून पाण्याची वाट रोखतो. ज्योत मात्र मध्याकडून टोकांकडे अखंड फिरती हवी. क्षणभर थबकली तरी आवरण करपते. नळी नसेल तर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, अर्ध्यावर अर्धी चढवीत गुंडाळावी. तिन्ही तारांचे जोड मागेपुढे घेण्याची खबरदारी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण त्यायोगे एखादे आवरण फाटले तरी दुसऱ्या उघड्या तारेशी गाठ पडत नाही.