अकोला-अमरावतीचा एखादा क्लब आशियात खेळू शकतो का? तिकीट मिळतं कसं, ते समजून घ्या

रात्री साडेबाराला अलार्म लावून रियाल माद्रिदची मॅच बघणारी पोरं आता अकोल्यात आणि अमरावतीतही भेटतात. सकाळी स्टेटसला गोलची रील असते. पण आशियाचीही एक चॅम्पियन्स लीग आहे आणि तिच्यात महाराष्ट्राचा क्लब जिंकलाय, असं सांगितलं की बरेच जण विचारतात, "कोणता?"

तर ही गोष्ट आहे ११ एप्रिल २०२२ ची. ठिकाण सौदी अरेबियातलं रियाध. मुंबई सिटी एफसीच्या समोर होता इराकचा अल-कुवा अल-जाविया, म्हणजे इराकी हवाई दलाचा क्लब. दुसऱ्या हाफमध्ये हम्मादी अहमदने गोल मारून इराकींना पुढे नेलं. हे नाव भारतीय फुटबॉलवाल्यांना चांगलंच ठाऊक होतं. २०१६ मध्ये दोहात झालेल्या एएफसी कपच्या फायनलमध्ये याच क्लबकडून याच माणसाने गोल मारून बंगळुरू एफसीला १-० ने हरवलं होतं.

या वेळी मात्र चित्र पालटलं. डिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली आणि पाचच मिनिटांनी कॉर्नरवर मुंबईच्या राहुल भेकेने हेडर मारला. २-१. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप फेरीत भारतीय क्लबने जिंकलेली ही पहिलीच मॅच. आयपीएलच्या दिवसांत ती कुठल्या कुठे हरवून गेली, हा भाग वेगळा.

पण मुंबई सिटी तिथे पोहोचली कशी?

साध्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक देश आपला लीग चॅम्पियन पाठवतो आणि ते चॅम्पियन एकमेकांशी खेळतात. आता आपल्याकडे 'चॅम्पियन' कोणाला म्हणायचं, इथेच गोंधळ होतो. इंडियन सुपर लीगमध्ये साखळी सामन्यांनंतर गुणतक्त्यात जो पहिला, त्याला शील्ड मिळते. मग वरच्या संघांत प्लेऑफ होतात आणि फायनल जिंकणाऱ्याला ट्रॉफी मिळते. टीव्हीवर फटाके ट्रॉफीला फुटतात, पण आशियाचं तिकीट शील्डवर ठरत आलंय.

२०२२-२३ मध्ये ट्रॉफी कोलकात्याच्या मोहन बागानने उचलली, शील्ड मुंबईकडे गेली. तरीही मुंबईला थेट प्रवेश नव्हता. आधीच्या मोसमाचा शील्ड विजेता जमशेदपूरशी एकच निर्णायक मॅच केरळात झाली, मुंबईने ती ३-१ ने जिंकली, तेव्हा कुठे तिकीट पक्कं झालं.

पुढची अडचण मैदानाची. अंधेरीचं मुंबई फुटबॉल एरिना आशियाई महासंघाच्या निकषांत बसत नव्हतं, म्हणून इराणच्या नस्साजीविरुद्धची 'घरची' मॅच पुण्यात बालेवाडीला झाली. ग्रुपमध्ये सौदीचा अल-हिलाल आला आणि एकच चर्चा सुरू झाली: नेमार महाराष्ट्रात येणार! त्याआधीच ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा दुखावला आणि तो आलाच नाही. ६ नोव्हेंबर २०२३ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अल-हिलाल २-० ने जिंकला. रियाधमध्ये तर मुंबईवर सहा गोल चढले होते. त्या मोसमात मुंबई सहाच्या सहा मॅच हरली.

बरं, हे नुकसान एकट्या मुंबईचं नसतं. आशियाई महासंघ प्रत्येक देशाच्या क्लबांचे गुण एकत्र मोजून देशांची क्रमवारी लावतो आणि कोणाला किती जागा द्यायच्या, ते त्यावरून ठरवतो. मुंबईच्या पराभवाचं बिल गोव्याला आणि कोलकात्यालाही भरावं लागतं.

सौदीच्या क्लबांकडे तेलाचा पैसा आहे, त्यांच्याशी आपली बरोबरी कशी, असं कोणी म्हणेल. ठीक आहे, मग शेजाऱ्यांकडे बघू.

आशियातली दुसऱ्या दर्जाची स्पर्धा होती एएफसी कप. २०१७ पासून तिच्यात दक्षिण आशियाचा वेगळा विभाग होता. भारत, बांगलादेश, मालदीव, नेपाळ, श्रीलंका, भूतान या देशांचे क्लब आधी आपसात खेळायचे आणि जिंकणारा पुढे जायचा. प्रवास जवळचा, खर्च आटोक्यात आणि चुरस खरी. तिथे आपणच दादा, असं समजायचं कारण नव्हतं. ढाक्याच्या बसुंधरा किंग्जने २०२२ मध्ये आय-लीग चॅम्पियन गोकुलम केरळाला कोलकात्यात येऊन हरवलं. ७ नोव्हेंबर २०२३ ला, म्हणजे नवी मुंबईतल्या त्या मॅचच्या दुसऱ्याच दिवशी, ढाक्यात मोहन बागानचाही २-१ ने पराभव केला.

२०२४ मध्ये आशियाई महासंघाने सगळी रचना बदलून तीन पायऱ्या केल्या आणि हा दक्षिण आशियाई विभाग गेला. माझ्या मते आपल्यासारख्या देशाचं यात नुकसानच झालं. शेजाऱ्यांशी दरवर्षी होणाऱ्या त्या लढतींतूनच मोठ्या स्पर्धेची तयारी व्हायची.

मुलींनी मात्र ही जागा भरून काढली. डिसेंबर २०२५ मध्ये काठमांडूत दक्षिण आशियाई महिला क्लब स्पर्धा झाली. भारताकडून ईस्ट बंगाल आणि सोबत नेपाळ, बांगलादेश, भूतान आणि पाकिस्तान यांचा एकेक क्लब. फायनलमध्ये ईस्ट बंगालच्या मुलींनी यजमान नेपाळच्या एपीएफ क्लबला ३-० ने हरवलं. पुरुषांसाठी अशी स्पर्धा घ्यायची चर्चा खूप वर्षं चालू आहे. चर्चाच.

आता आपल्या वऱ्हाडाचं बोलू, राजेहो.

क्रिकेटमध्ये विदर्भाची स्वतंत्र संघटना आहे, स्वतःचा रणजी संघ आहे आणि त्याने तीनदा रणजी जिंकलीये. अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा याच वाटेने वर गेले. फुटबॉलमध्ये तसं नाही. इथे अकोला काय, अमरावती काय, सगळे जिल्हे मुंबईच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे 'विफा'च्या छत्राखाली येतात. त्यामुळे इथल्या क्लबला आधी जिल्हा संघटनेकडे नोंदणी करावी लागते, मग राज्य पातळीवर खेळावं लागतं. तिथून राज्य संघटनेने नाव पुढे पाठवलं तर आय-लीग ३. मग आय-लीग २, मग आय-लीग, मग इंडियन सुपर लीग आणि तिथे शील्ड.

एकही वर्ष न चुकता वर चढत गेलं, तरी आशियातली पहिली मॅच सहाव्या मोसमात. कागदावरची गोष्ट वाटते ना? पण स्पोर्टिंग क्लब बंगळुरूने २०२३-२४ या एकाच मोसमात आय-लीग ३ आणि आय-लीग २ दोन्ही जिंकून थेट आय-लीग गाठली. पंजाब एफसी आणि मोहम्मडन स्पोर्टिंग आय-लीग जिंकूनच सुपर लीगमध्ये आले. शिडीच्या पायऱ्या शाबूत आहेत.

शिडी चढायला पैसा लागतो, खरी मेख तिथे आहे. वरच्या पातळीवर खेळायचं तर क्लब परवाना हवा. त्यासाठी निकषात बसणारं मैदान, लहान वयोगटांचे संघ, पात्रताधारक प्रशिक्षक आणि तपासलेले हिशेब दाखवावे लागतात. पैसा हटला की मोठा क्लबही टिकत नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, २००७ मध्ये एएफसी कपची क्वार्टर फायनल गाठली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. मुंबई सिटीतूनही सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला.

मैदानाचं म्हणाल तर अकोल्यात वसंत देसाई स्टेडियम आहे. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. बर्लिनला जाऊन आलेल्या गावाला काठमांडू किंवा ढाका तसं फार लांब नाही. आधी बारा वर्षांखालच्या पोरांची टीम वर्षभर चालवायला कोणीतरी तयार व्हावं लागेल, कारण परवान्याच्या अर्जात तिचाही रकाना असतो.