हॉटेल थाटण्याआधी वकिलाची पायरी

भिवंडी असो, मालेगाव असो की नागपूरचा मोमिनपुरा, हाती थोडे भांडवल आले की आपल्याकडील तरुणाच्या मनात पहिला विचार येतो तो हॉटेलचा. बावर्ची ओळखीचा असतो, बिर्याणीला गिऱ्हाईक कमी नाही. मग जागा घेतली जाते, भट्टी बसते, रंग लागतो आणि कागदपत्रे एखाद्या एजंटाच्या हवाली होतात. कोणता कागद कुठे दिला हे एजंट सांगत नाही, आणि नोटीस येते तेव्हा तो सापडतही नाही.

वकिलाकडे आपण खटला अंगावर आल्यावर जातो. वास्तविक त्याचा खरा उपयोग जागेची अनामत मोजण्याआधी आहे. जागा व्यापारी वापरासाठी मंजूर आहे काय, धुराड्याला सोसायटीची हरकत तर नाही ना, हे आधी तपासावे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मालक ‘नंतर बघू’ म्हणाला तर पैसे देऊ नयेत.

भागीदारीचे तर विचारूच नका. मेहुण्या-मेहुण्यांत सारे तोंडी! उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकरामध्ये आहे, हे आपण वाजमध्ये ऐकतो आणि दुकानात विसरतो. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीची नोंदणी नसेल तर करारातील हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही.

खाद्यपदार्थांसाठी 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन 2006 चा अन्न सुरक्षा कायदा 2011 पासून अमलात आला. लहान उलाढालीला नोंदणी, मोठीला परवाना अशी त्यात विभागणी आहे. मर्यादेचा चालू आकडा अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्यावा. तपासणीत उणीव आढळली की बहुतेक मालक घाबरून कुणाच्या तरी हातात पाकीट ठेवतात. कायदा मात्र असे सांगतो की, अधिकाऱ्याने आधी सुधारणा नोटीस द्यावी, तीत कारणे लिहावीत आणि किमान 14 दिवसांची मुदत द्यावी. जनतेच्या आरोग्याला धोका असेल तर परवाना तत्काळ निलंबित होऊ शकतो, पण तेव्हाही कारणे लेखी नोंदवावी लागतात. अपील अन्न सुरक्षा आयुक्तांकडे, 15 दिवसांत. ही मुदत चुकवू नये.

गॅसचेही तसेच. 100 किलोपर्यंतच्या साठ्याला वेगळा परवाना लागत नाही, म्हणजे 19 किलोची पाच सिलिंडरे. सहावे आले की नियम बदलतो. अग्निशमन दलाचा दाखला निव्वळ कागद समजू नये. मुंबईत कमला मिलमधील हॉटेलांना डिसेंबर 2017 मध्ये लागलेल्या आगीत 14 जीव गेले.

मांसाची खरेदी परवानाधारक कत्तलखान्यातून आलेल्या मालाचीच करावी आणि रोजची पावती जपावी. बैलांच्या कत्तलीवरील 2015 च्या बंदीनंतर राज्यात संशयावरूनही माल अडवला जातो. म्हशीचे मांस आहे हे तोंडाने सांगून भागत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. घरून डबे पुरवणाऱ्या आपल्या कितीतरी बहिणींना हे ठाऊक नाही. जाताना भाडेकरार, आलेली नोटीस आणि ती मिळाल्याची तारीख सोबत न्यावी.