कालवांच्या पिल्लांचं पावसाळ्यात काय होतं? ठाण्याच्या खाडीत त्यांची शेती का अवघड आहे?

ठाणे-कळवा दरम्यान लोकल खाडीवरून जाते. खाली दिसतो तो गाळ आणि तिवरं; या खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगोही येतात. पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडांवर आणखी एक जीव चिकटलेला असतो, तो म्हणजे कालव. इंग्रजीत त्यालाच ऑयस्टर म्हणतात.

कालव आयुष्यभर एकाच जागी राहतं, पण त्याचं पिल्लू आधी दोनेक आठवडे, कधी त्याहून जास्त, पाण्यात तरंगत असतं. मग ते दगड, लाकूड किंवा जुना शिंपला असं काही टणक शोधतं आणि त्याला कायमचं चिकटतं. एकदा चिकटलं की जागा बदलता येत नाही.

म्हणूनच आजूबाजूच्या पाण्यावर सगळं ठरतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पावसाळ्यात खाडीत नद्यांचं पाणी भरतं आणि हे प्रमाण धाडकन उतरतं. मोठं कालव शिंपला घट्ट मिटून काही दिवस उपाशी काढतं. पिल्लाकडे तेवढा साठा नसतो, त्यामुळे गोडं पाणी लांबलं की आधी तीच मरतात. पुराबरोबर गाळही येतो आणि त्याखाली ती गुदमरतात.

सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये बांबूच्या मांडवावरून दोऱ्या सोडून कालवांची शेती झाली आहे. या शेतीत पिल्लं चिकटावीत म्हणून रिकाम्या शिंपल्यांच्या माळा पाण्यात सोडतात. खरी मेख वेळेची आहे. माळा लवकर सोडल्या तर त्यांच्यावर गाळ आणि बार्नाकल बसतात, पिल्लांना जागाच उरत नाही. उशीर केला तर हंगाम हुकतो.

पाण्याची आम्लताही महत्त्वाची. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये २००७-०८ च्या सुमारास एका हॅचरीत पिल्लं लाखोंनी मेली. आधी रोगजंतूंवर संशय गेला. पुढे कळलं की समुद्राचं पाणी जास्त आम्लधर्मी झालं होतं आणि पहिल्या दोन दिवसांत पिल्लांना कवचच नीट बांधता येत नव्हतं.

मग ठाण्याच्या खाडीत ही शेती का नको? २०२२ मध्ये हिला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे पाणथळ जागा म्हणून ती जागतिक महत्त्वाची आहे. पण ठाणे, कळवा, नवी मुंबईचं सांडपाणीही इथेच येतं. उत्तरेला ही खाडी जिला जोडलेली आहे, त्या उल्हास नदीत अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीचं सांडपाणी मिसळतं. कालव पाणी गाळून खातं, त्यामुळे पाण्यातले जंतू आणि जड धातू त्याच्या अंगात साठतात. स्वच्छ पाण्यात ठेवलं तर जंतू बरेच कमी होतात. धातू मात्र सहजासहजी निघत नाहीत, आणि शिजवूनही जात नाहीत. म्हणजे पिल्लं पावसातून वाचली, वाढली, तरी ती ताटात घ्यावीत का, हा प्रश्न तसाच राहतो. बाजारात कालवं घेताना ती कुठल्या खाडीची आहेत, एवढं विचारून घ्या.