आपत्तीनंतरचा तात्पुरता निवारा : जागा, नियम आणि बांधणी



भूकंप, महापूर किंवा दरड कोसळल्यानंतर घर गेलेल्या कुटुंबाला प्रथम डोक्यावर छप्पर हवे असते. घाईत मिळेल त्या जागी चार खांब रोवून पत्रे टाकले जातात. "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे," अशी समजूत असते. अनुभव मात्र वेगळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. कायमची घरे टप्प्याटप्प्याने मिळत गेली. तोपर्यंत अनेक कुटुंबांनी उन्हाळे-पावसाळे पत्र्याच्या निवाऱ्यात काढले. म्हणून तात्पुरता निवारा निदान दोन-तीन पावसाळे टिकेल व आपल्याच जिवावर उठणार नाही, अशा रीतीने उभारावा.

जागेची निवड

नदी-ओढ्याकाठच्या गावात जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहाव्यात. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदीपात्र व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो. तेथे निवारा मुळीच उभारू नये. निळ्या व लाल रेषेमधील पट्ट्यावरही निर्बंध असतात. डोंगराळ भागात उताराच्या पायथ्याची व ओघळीच्या तोंडाची जागा टाळावी. माळीण (२०१४) व इर्शाळवाडी (२०२३) येथील दुर्घटनांनी हा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकवला आहे.

गायरान मोकळे दिसते म्हणून तेथे परस्पर निवारा बांधू नये. प्रशासनाच्या लेखी आदेशाशिवाय तसे केल्यास ते अतिक्रमण ठरते व पुढे मदत मिळवताना अडचण येते.

परवानगीचे नियम

गावठाणात बांधकामासाठी ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी लागते. स्वतःच्या शेतातील बांधकामाबाबत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'शेतघर' अशी स्वतंत्र तरतूद आहे. अवजारे, खत, चारा व शेतमाल ठेवण्यासाठी, जनावरांसाठी, तसेच खातेदाराचे कुटुंब व शेतमजूर यांच्या राहण्यासाठी शेतजमिनीवर उभारलेली इमारत शेतघरात मोडते. मात्र नगरपालिका, महानगरपालिका व त्यांच्या लगतच्या ठराविक पट्ट्यात त्यासाठीही पूर्वपरवानगी लागते व क्षेत्राची मर्यादा असते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तहसील कार्यालयात चौकशी करावी. शेतघर म्हणून बांधलेल्या निवाऱ्यात पुढे दुकान किंवा कारखाना चालवायचा झाल्यास अकृषिक वापराचे नियम लागू होतात, हेही ध्यानात ठेवावे.

इर्शाळवाडीच्या कुटुंबांची सोय कंटेनरच्या घरांत करण्यात आली होती. कंटेनर उचलून नेता येतो, म्हणून तो कोठेही ठेवता येईल असे समजू नये. जागेची परवानगी, सांडपाण्याची सोय व सुरक्षित वीजजोड यांचा विचार त्यासाठीही करावाच लागतो.

पडलेले घर साफ करण्याआधी महसूल विभागाकडून पंचनामा करून घ्यावा व छायाचित्रे काढून ठेवावीत. मलबा आधी हलवला, तर नुकसानीचा पुरावाच राहत नाही.

किती जागा, किती पाणी

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये मदत छावण्यांसाठी किमान मानके ठरवून दिली. त्यानुसार प्रत्येक माणसी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा असावी. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाला सुमारे १९० चौरस फूट जागा लागते. तीस माणसांमागे एक शौचालय असावे. शौचखड्डा विहीर किंवा बोअरपासून किमान ३० मीटर दूर असावा. गावाच्या वतीने छावणीची पाहणी करताना ही मापे हाताशी ठेवावीत. ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

बांधणी कशी करावी

१) काळ्या भारी जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात व पावसाळ्यात ती फुगते. त्यामुळे नुसते रोवलेले खांब सैल होतात. शक्य असल्यास मुरमाड जागा निवडावी. काळ्या जमिनीतच उभारायचे झाल्यास खड्डा मुरुम लागेपर्यंत खोदावा व खांबाभोवती काँक्रीट भरावे.

२) खांबांना चारही बाजूंनी तिरपे आधार द्यावेत. तिरप्या आधारांशिवाय सांगाडा वाऱ्याने व हादऱ्याने एका बाजूला कलतो.

३) पत्रे हुकबोल्टने आढ्या-वाशांना घट्ट आवळावेत. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवण्याची पद्धत पूर्ण सोडावी. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली-नांदेड-परभणी भागात भूकंपाचे धक्के बसले, तेव्हा पत्र्यावरील दगड काढून टाकण्याचे आवाहन प्रशासनाला करावे लागले. झोपेत अंगावर पडणारा एक दगडही पुरेसा असतो.

४) भिंती हलक्या ठेवाव्यात. किल्लारीत जाड दगडमातीच्या भिंती व मातीचे जड माळवद यांनीच बहुतेक बळी घेतले. तुराट्यांचा, शेणमातीने लिंपलेला कुड हलका असतो व पत्र्यापेक्षा थंडही राहतो.

५) पत्र्याच्या वरच्या बाजूला चुन्याची सफेदी द्यावी. आतून तट्ट्याचे छत बांधून मध्ये हवा खेळती ठेवावी. उन्हाळ्यात आतील ताप कमी होतो.

६) जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट उंच करून भोवती चर काढावा. चूल व कडब्याची गंजी निवाऱ्यापासून व एकमेकींपासून दूर ठेवावी. जनावरांचा गोठा वेगळा असावा.

किल्लारीचा परिसर १९९३ पूर्वी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या भूकंप क्षेत्रात गणला जात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात घेण्यात आला. तेव्हा "आपल्याकडे असे होत नाही" या भरवशावर राहू नये. ग्रामसभेने आपत्ती येण्याआधीच उंचावरची, पाण्याची व रस्त्याची सोय असलेली एक जागा निवाऱ्यासाठी निश्चित करून ठराव करून ठेवावा. पावसात, रात्री, माणसे भेदरलेली असताना जागा शोधत बसण्याची वेळ गावावर येऊ देऊ नये.