बालाघाटच्या माळरानावरील लावा : ओळख व अधिवास

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा व शिरूर कासार हे तालुके बालाघाटच्या डोंगररांगेत, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथील खडकाळ माळावरून चालताना अगदी पायाजवळून आठ-दहा पक्षी फडफडाट करीत एकदम चहूकडे उडतात. शेतकरी एवढेच म्हणतो, "लावे उठले." दख्खनच्या पठारावर या एका नावाखाली अनेक भिन्न पक्षी मोडतात, ही बाब मात्र बहुधा दुर्लक्षित राहते.

त्यांपैकी उघड्या, मुरमाड माळाचा खरा रहिवासी म्हणजे पर्डिक्युला अर्गूंडा. त्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३२ मध्ये केले. नराच्या छाती-पोटावर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात व गळा विटकरी असतो. मादी खालून फिकी व बिनपट्ट्यांची असते. घोटाळा होतो तो झाडोऱ्यात राहणाऱ्या रानलाव्याशी, कारण त्याच्या नराच्या पोटावरही असेच पट्टे असतात. म्हणून निरीक्षकाने पोटाऐवजी डोके पाहावे. रानलाव्याची पांढरट भुवई लांब व ठळक असते, तर माळावरच्या लाव्याची आखूड. रानलाव्याच्या मादीचाही गळा तांबूस असतो. माळावरच्या मादीचा नसतो.

पावसाळी लाव्याचा नर छातीवरील काळ्या रंगामुळे वेगळा ओळखू येतो. मागचे बोट नसलेला, तीन बोटांचा 'लावा' तर मुळात लावाच नव्हे. तो टिटवी व कुरव यांच्या गणातील पक्षी होय. त्याची मादी थोराड व अधिक रंगीत असून अंडी नर उबवितो!

थवा उडाल्यावर त्याच्यामागे धावू नये. स्तब्ध बसल्यास काही वेळाने विखुरलेले पक्षी मंद शीळ घालून एकमेकांना बोलावताना ऐकू येतात. रात्री ते शेपट्या आत व चोची बाहेर ठेवून वर्तुळात बसतात, त्यामुळे कोणत्याही बाजूने आलेल्या शत्रूची चाहूल लागते.

पाटोदा तालुक्यात १९९४ मध्ये नायगाव मयूर अभयारण्य घोषित झाले. परंतु माळाला असे नाव लाभत नाही. झुडपी व खडकाळ जमिनीची शासकीय गणना 'पडीक' अशीच होते आणि पडीक म्हटले की नांगर, खाण किंवा वृक्षलागवड ओघाने येते. झाडी दाटल्यास रानलाव्याला आसरा मिळू शकतो. माळावरच्या लाव्याची जागा मात्र जाते. गावकरी तरीही "लावे आहेत" असेच सांगतील. यास्तव क्षेत्रभेटीच्या नोंदवहीत नुसते 'लावा' न लिहिता भुवई, गळा आणि पक्षी जेथून उठला ती जमीन, या तिन्हींची नोंद करावी.