छापील भिंतीचा सांधा

गोदरेज प्रॉपर्टीज आणि त्वस्ता या कंपन्यांनी पुण्याजवळ तळमजला अधिक एक मजला असा सुमारे दोन हजार चौरस फुटांचा बंगला चार महिन्यांत उभारला, तोही त्रिमितीय छपाईने. त्वस्ता ही आयआयटी मद्रासच्या माजी विद्यार्थ्यांची कंपनी. 2021 मध्ये तिने त्याच संस्थेच्या आवारात 600 चौरस फुटांचे घर छापले होते.

मुळशीतल्या उरवड्यासारख्या गावात अशी भिंत उभी राहिली, तर ती कशी टिकेल? या पट्ट्यातले जुने घर म्हणजे मातीत रचलेल्या काळ्या दगडाच्या रुंद भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर उतरते कौलारू छप्पर. आतली आडभिंत कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. गवंडी हाताशी येईल तो दगड पारखून, फिरवून बसवतो. त्याला वेळ लागतो, पण सामान जवळपासचेच असते.

यंत्राला असा निवाडा करावा लागत नाही. चकलीच्या सोऱ्यातून पडावा तसा काँक्रीटचा पट्टा संगणकाने आखलेल्या रेषेवर पडतो, त्यावर दुसरा. साचा, फळ्या, टेकू काही नाही. खरी करामत मिश्रणाची आहे. नळीतून ते वाहायला हवे आणि बाहेर पडताच वरचा थर पेलण्याइतके ताठ व्हायला हवे. खालचा पट्टा उन्हाने फार सुकला, तर वरचा त्याला नीट चिकटत नाही. उभ्या सळयाही यंत्र सहजी घालू शकत नाही. भिंतीत पोकळ्या ठेवून सळया आणि काँक्रीट बहुधा माणसेच भरतात. पाया, वायरिंग, चौकटी यांचेही तेच. बंगळुरूचे 1,021 चौरस फुटांचे छापील टपाल कार्यालय 2023 मध्ये 43 दिवसांत झाले, हे मोठेच काम. पण अशा आकड्यांतून थरांमधल्या सांध्याची ताकद कळत नाही.

सांधा किती महत्त्वाचा, हे किल्लारीच्या भूकंपाने 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दाखवले. तिथल्या दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटले, कारण त्यांना आरपार जोडणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. वर माळवदाच्या मातीचा भार होता. पुढे भिंती बळकट करताना असे आरपार दुवे घालण्यावर भर दिला गेला.

म्हणून मला छपाईच्या वेगापेक्षा तिच्या थरांची चाचणी महत्त्वाची वाटते. कोयनेचा 1967 चा भूकंप सह्याद्रीच्या याच रांगेत झाला. मुळशीचा पाऊसही भिंतीत ओल शिरायला फट शोधतो. भूकंपमंचावर हलवलेल्या आणि पावसाळे काढलेल्या छापील भिंतीचे निकाल खुले झाले, तर उरवड्याचा गवंडीही ते वाचून आपले मत देऊ शकेल.